माझ्याच शाळेत मी आता बाई, आणि बाजूच्या खुर्चीत माझ्या बाई

मधली_सुट्टी | १९ जुलै, रात्री ११.४०

एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज धागा काढायची वेळ आली, कारण घरी सगळं सांगून झालं आणि नवऱ्यानं ‘मग बोल की त्यांच्याशी’ एवढं म्हणून कूस बदलली.

मी ठाण्याची. २००४ ची एसएससी. शाळा वागळे इस्टेटच्या अलीकडची, मराठी माध्यमाची. नाव लिहीत नाही, ओळखाल त्यांनी गप्प बसावं. बाबा इस्टेटीतल्या कारखान्यात टर्नर होते, लेथवर काम करायचे. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील तिथेच कुठल्या ना कुठल्या गेटातून आत जायचे. पुढे बीएस्सी, ऐरोलीला आयटीत बारा वर्षं टेस्टिंग, मग नोकरी सोडून बीएड (हल्ली दोन वर्षांचं असतं), मग दोन वर्षं एका क्लासमध्ये. यंदा १६ जूनला शाळा उघडली तेव्हा त्याच फाटकातून आत गेले. नववी-दहावीला गणित. पगार संस्थेचा आहे, सरकारी नाही. आकडा विचारू नये.

शिकवणं जमतंय. अडलंय ते भलतीकडेच.

आधी स्टाफरूम. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून ‘आत येऊ का?’ विचारलं. आतल्या नऊ जणांपैकी चौघांनी मला शिकवलंय. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. आता महिना झाला, अजून उंबऱ्याशी पाय अडतो. खुर्च्या सेवाज्येष्ठतेप्रमाणे, त्यामुळे माझी खुर्ची दाराजवळ, पंखा पोचत नाही तिथे. त्याचं काही नाही. पण त्या चौघांना मी काय म्हणायचं, आणि त्यांनी मला? मी ‘बाई’ आणि ‘सर’च म्हणते, दुसरं तोंडातच येत नाही. त्या मला म्हणतात ‘ढापणे’. चौथीपासून चष्मा आहे, तेव्हापासूनचं नाव. परवा व्हरांड्यात नववी ब समोर आवाज आला, ‘अगं ढापणे, मस्टरवर सही केलीस का?’ दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक भलामोठा चष्मा काढलेला. चित्र चांगलं होतं, खोटं कशाला सांगू.

दुसरी गोष्ट मात्र गमतीची नाही.

माझ्या बाजूला बसतात त्या मला भूमिती शिकवायच्या. आता पर्यवेक्षिका आहेत, ३१ ऑक्टोबरला निवृत्त होतील. नववीत त्यांच्या घटक चाचणीत माझ्या आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या पेपरात एकच चूक निघाली. दोन त्रिकोण एकरूप दाखवायचे होते. बाबाबा, बाकोबा, कोबाको (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) या कसोट्या सगळ्यांना पाठ असतात. आम्ही दोघींनी लिहिलं ‘कोबाबा’. अशी कसोटीच नाही. बाईंनी वर्गासमोर दोघींच्या कानफटात मारली, दोन तास बाहेर उभं केलं आणि पालकांना बोलावलं. बाबा पहिल्या पाळीतून अर्धा दिवस बुडवून आले. घरी आल्यावर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. ते मारण्यापेक्षा जास्त लागलं.

मी कॉपी केली नव्हती.

आता या बाई डब्यातली अळूवडी आधी माझ्या झाकणात वाढतात. माझा पहिला पाठ मागच्या बाकावर बसून पाहिला आणि नंतर एकटीला गाठून सांगितलं, ‘फळा डावीकडून भरत जा, उजवीकडची मुलं तुझ्या पाठीमागे जातात.’ शाळेत त्यांच्याइतकं नीट शिकवणारं दुसरं कुणी नाही. आणि रोज सव्वाबाराला त्यांच्याशेजारी डबा उघडताना माझा गाल गरम होतो.

विचारू का त्यांना? की बावीस वर्षांनी हे उकरून काढणं येडेपणा आहे?

तीन_हात_नाका | १९ जुलै, रात्री ११.५८

पहिला नंबर!
ढापणे, आत ये :)
(मला पण नववीत वाटायचं कोबाबा असते म्हणून.)

लेकुरवाळी | २० जुलै, सकाळी ७.१५

आत्ताच डबे भरून झाले. वाचून डोकं तापलं. चौदा वर्षांच्या मुलीला वर्गासमोर कानफटात मारणं ही ‘आठवण’ होत नाही. आज कुणी माझ्या मुलाला हात लावला तर मी शाळेच्या दारात उभी राहीन. आपल्याकडे मार खाल्ल्याचं कौतुक करायची फार सवय आहे, ‘म्हणून घडलो’ वगैरे. मी पण छड्या खाल्ल्यात. त्यानं माझं अक्षरसुद्धा सुधारलं नाही.

विचाराच. आणि अळूवडी खाऊन विरघळू नका.

माथाडीचा_मुलगा | २० जुलै, दुपारी १.०५

मी हे करून बसलोय म्हणून जरा लांब लिहितो.

मी कोपरखैरण्याचा. कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून वाशीला आला त्यामागून आमचं घर इकडे आलं. वडील पाठीवर गोणी वाहायचे. आमच्या शाळेत पहिल्या बाकावर बसणारे सगळे माथाड्यांचेच. बीएड झालो आणि त्याच शाळेत लागलो. पहिल्या दिवशी शिपाईमामांनी घंटा माझ्या हातात दिली, म्हणाले वाजव, लहानपणी मागायचास ना. तिथून निघताना डोळ्यांत पाणी होतं. दोन वर्षांनी राजीनामा देऊन निघालो तेव्हा नव्हतं.

कारण एकच शब्द. ‘आपलाच’. स्नेहसंमेलनाची तालीम कोण घेईल? आपलाच आहे, थांबेल. सुट्टीच्या दिवशी शाळेत परीक्षाकेंद्र आहे, बाकांवर नंबर कोण चिकटवेल? आपलाच आहे. तीन महिने पगार लांबला, तर बाहेरून आलेल्या दोघांना बोलावून समजूत घातली. मला कुणी बोलावलंच नाही, आपलाच ना. घरच्या पोराला पंगतीत शेवटी वाढतात तशातली गत. आणि मला नाही म्हणता येईना, कारण समोर उभे असलेले सर म्हणजे ज्यांनी माझी दहावीची फी भरायची मुदत वाढवून दिली होती ते.

त्या थपडेपेक्षा मला तुमच्या पहिल्या मुद्द्याची जास्त काळजी वाटते. ज्यांना तुम्ही ‘आत येऊ का’ विचारता त्यांच्याकडे उद्या हक्काची रजा कशी मागणार?

आता मी वाशीत दुसऱ्या शाळेत आहे. तिथे मला कुणी लहानपणी पाहिलेलं नाही. फार बरं वाटतं.

नाना_चरईकर | २० जुलै, दुपारी ४.३०

मी निवृत्त मास्तर. दहावीच्या पहिल्या बॅचचा, मार्च १९७५. आमच्या पुढची मुलं अकरावीची मॅट्रिक देऊन गेली, आम्हाला एक वर्ष आधीच सोडलं. पुढे त्याच शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलतो.

संबोधनाचं सोपं आहे. वर्गात आणि व्हरांड्यात अहो-जाहो, स्टाफरूमचं दार लागलं की काहीही. हे कुणीतरी एकदा स्पष्ट सांगावं लागतं. मला माझ्या सरांना सांगायला दीड वर्ष लागलं. शेवटी कोर्टनाक्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो आणि म्हणालो, ‘सर, मुलांसमोर बाळ्या नको.’ ते थांबले, म्हणाले, ‘अरे मग इतके दिवस बोलला का नाहीस, बाळ्या?’ पण दुसऱ्या दिवसापासून पाळलं.

आता मारण्याबद्दल. लेकुरवाळीबाई, तुम्ही रागावलात ते योग्यच आहे. मी मारलंय. छडी मुलांनीच आणून दिलेली असायची, कडुलिंबाची. तेव्हा पालक येऊन सांगायचे, ‘हाडं आमची, कातडं तुमचं.’ शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. माझा हात त्या वर्षी थांबला. त्याआधी थांबायला हवा होता, थांबला नाही. मला कायदा लागला, हे मी कबूल करतो.

माझ्याकडे कुणी माजी विद्यार्थी ‘सर, तुम्ही मला विनाकारण मारलंत’ म्हणत आला नाही. येतात ते पाया पडायला. कधीकधी वाटतं, ज्यांना खरंच लागलं ते येतच नसतील.

विचारा. पण उत्तर काय यावं हे आधी ठरवून जाऊ नका.

घोडबंदरी | २० जुलै, संध्याकाळी ६.१२

नाना, प्रतिसाद आवडला.
अवांतर: कोर्टनाक्यापर्यंत चालत गेलात म्हणजे पुढे मामलेदारची मिसळ झालीच असणार.

नाना_चरईकर | २० जुलै, संध्याकाळी ६.४०

झाली. तिखट. सरांनी पैसे दिले.

तीन_हात_नाका | २० जुलै, संध्याकाळी ६.४४

मिसळीवर वेगळा धागा आहे, तिथे आधीच चारशे प्रतिसाद आणि दोन भांडणं झालीत. इथे नको.

मधली_सुट्टी | २७ जुलै, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, वह्या तपासत होते.

नानांचा सल्ला मानून ढापणेचं सांगून टाकलं. बाईंना नव्हे, शिपाईमामांना, कारण सुरुवात त्यांनीच केली होती. मामा म्हणाले, ‘बरं, मॅडम.’ आणि इतक्या जोरात म्हणाले की ते ढापणेपेक्षा वाईट वाटलं. शाळेत तोंडात ‘बाई’च असतं, ‘मॅडम’ म्हणजे बाहेरची. आता तेही मागे घ्यावं लागणार.

माथाडीचा मुलगा, तुमचं पत्र (पत्रच ते) दोनदा वाचलं. ‘आपलीच’ सुरू झालंय. विज्ञान प्रदर्शन माझ्याकडे आलं. गणिताच्या बाईकडे विज्ञान का, तर ‘तू आयटीतली ना, तुला येईल’. गुरुवारी संगणक कक्षातला प्रिंटरही बघून दिला.

शिकवण्याबद्दल दोघा-तिघांनी व्यनितून (खासगी निरोपात) विचारलं, म्हणून लिहिते. आमच्या वेळी बीजगणित ७५ आणि भूमिती ७५ असा दीडशेचा विषय होता. आता ४० आणि ४०, वर २० अंतर्गत. दहावीच्या ‘अर्थनियोजन’ प्रकरणात जीएसटी आणि शेअर्स आहेत. हे मला फार आवडतं, कारण मुलं घरून किराणा दुकानाची बिलं आणतात आणि सीजीएसटी-एसजीएसटी शोधतात. एकानं बापाच्या रिक्षाच्या टायरचं बिल आणलं, त्यावर जीएसटी क्रमांकच नव्हता. अर्धा तास त्यावरच गेला. पोर्शन मागे राहिला, पण इतकी शांत बसलेली नववी-दहावी मी तोवर पाहिली नव्हती.

खरी कसरत सेमीची, म्हणजे मराठी शाळेत गणित-विज्ञान इंग्रजीतून. मी पूर्ण मराठीतून शिकले. माझ्या डोक्यात त्रिकोण ‘समरूप’ असतात, तोंडानं ‘सिमिलर’ म्हणायचं. छेदिका म्हणजे ट्रान्सव्हर्सल, आणि आपलं लाडकं बाकोबा आता एसएएस. मुलांना बाकोबा म्हटलं की हसतात, त्यांना ते कार्टूनमधल्या भुताचं नाव वाटतं. मराठी तुकडीत मात्र अजून बाकोबा चालतं. त्या तुकडीत एकोणीस मुलं आहेत. आमच्या वेळी अ ते ड चार तुकड्या होत्या आणि एकेका बाकावर तिघं. आता मागच्या इमारतीतले वरचे वर्ग बंद असतात, एकात जुने बाक रचून ठेवलेत. मी आमचा बाक शोधला नाही. (शोधला. सापडला नाही.)

अजून एक डोकेदुखी, ज्याची कल्पनाच नव्हती. ‘बॅच २००४’ या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात मी अचानक कामाची माणूस झालेय. एका वर्गमित्राचा मुलगा माझ्याच नववीत आहे. ‘जरा बघ ना त्याच्याकडे’ इथपासून सुरू झालं, आता ‘रविवारी घरी येऊन शिकवशील का, पैसे बोलून घेऊ’ इथवर आलंय. शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही (कलम २८, मला बीएडला पाठ करावं लागलं होतं), असं सांगितलं तर म्हणाला, ‘काय गं, तू पण नियमवाली झालीस.’ ग्रुपवर दोन दिवस शांतता होती.

बाईंना अजून विचारलं नाही.

लेकुरवाळी | २७ जुलै, रात्री १०.३१

कलम २८ बद्दल टाळ्या. बाकी वाट पाहते.

परिपत्रक_प्रेमी | ७ सप्टेंबर, सकाळी ९.५०

धागा उशिरा पाहिला. भावनिक भाग सगळ्यांनी सांभाळलाय, मी कोरडं बोलतो. धागाकर्तीला कुणीतरी हे सांगायला हवं.

संस्थेच्या पगारावर किती वर्षं राहणार? अनुदानित (सरकारी पगाराच्या) पदावर यायचं तर अभियोग्यता चाचणी ही भरतीची परीक्षा आणि पवित्र पोर्टल हे सरकारचं शिक्षकभरतीचं संकेतस्थळ, हाच रस्ता. शाळा कितीही ‘आपली’ असली तरी मुख्याध्यापकांनी मान डोलावून मान्यता मिळत नाही. त्यातून लागलात तरी आधी तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, ठरावीक मानधन. माध्यमिकचं मानधन पूर्वी ८,००० होतं, जानेवारी २०२३ पासून १८,००० आहे. जुनी पेन्शन विसरा, १ नोव्हेंबर २००५ नंतरच्यांना ती नाही.

दुसरं, १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आलाय. पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांपैकी ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हावं लागणार. तुम्ही नववी-दहावीवर आहात म्हणून थेट लागू नाही, पण उद्या वरची तुकडी बंद झाली आणि सातवी-आठवी दिली तर? परीक्षा देऊन ठेवा. तुम्हाला गणित जड जाणार नाही.

हे सगळं लेखी ठेवा. नेमणुकीचं पत्र आहे ना?

मधली_सुट्टी | ७ सप्टेंबर, दुपारी ३.१५

नेमणुकीचं पत्र… मागते. :( माथाडीच्या मुलाचं वाक्य आठवलं.

टीईटीच्या निकालानं स्टाफरूम ढवळून निघालीय. ज्यांनी मला सातवीत मराठी शिकवलं ते सर जुन्या वहीत माझ्याकडून बालमानसशास्त्राच्या नोट्स उतरवून घेतायत. पन्नाशी गाठलेला माणूस. काल म्हणाले, ‘पियाजे म्हणजे तोच ना, फ्रेंच?’ मी म्हटलं, ‘स्विस, सर.’ आणि मग उगाचच ‘सॉरी’ म्हणाले. मी म्हणाले, त्यांनी नव्हे.

माथाडीचा_मुलगा | ७ सप्टेंबर, रात्री ८.००

पत्र मिळाल्यावर इथे येऊन सांगा. मिळेपर्यंत प्रिंटरला हात लावू नका.

मधली_सुट्टी | २ ऑक्टोबर, सकाळी ११.००

पत्र मिळालं! मुख्याध्यापकांकडे गेले, तीन वाक्यं पाठ करून. ते म्हणाले, ‘अगं, दिलं नव्हतं का?’ आणि क्लार्कला हाक मारली. एवढंच. मी तीन रात्री झोपले नव्हते.

परवा ३० सप्टेंबर झाला. बाहेरच्यांसाठी सांगते, त्या तारखेच्या पटावर संचमान्यता ठरते, म्हणजे किती तुकड्या आणि किती शिक्षक मंजूर. पट कमी पडला की कुणीतरी ‘अतिरिक्त’ ठरतं आणि समायोजनात कुठेही जातं. विद्यार्थिनी असताना सप्टेंबर म्हणजे गणपती संपल्याची उदासी एवढंच माहीत होतं. आता कळलं की त्या महिन्यात शिक्षक मुलांकडे असे का बघायचे. मोजत असायचे.

आमच्या भूमितीच्या बाई आणि मराठीचे सर दर मे महिन्यात किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर अशी घरं पालथी घालतात, चौथी झालेली मुलं शोधत. बाईंनी मला यंदाची वही दाखवली. गल्ली, चाळीचं नाव, मुलाचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात आईचं म्हणणं. ‘इंग्रजीत घालणार.’ ‘गावी नेणार.’ ‘विचारून सांगते.’ एका ठिकाणी लिहिलंय, ‘पाणी दिलं, चहा दिला, मूल दिलं नाही.’ हे बाईंचंच अक्षर. त्या विनोद करू शकतात हे मला छत्तिसाव्या वर्षी समजलं.

इस्टेटीतले कारखाने गेले, तिथे काचेच्या इमारती आल्या. त्यात काम करणारे लोक आमच्या शाळेत मुलं घालत नाहीत. मी स्वतः तशाच इमारतीत बारा वर्षं होते आणि माझी मुलगी कुठल्या माध्यमात आहे हे इथे मला कुणी विचारू नये. (इंग्रजी. झालं समाधान?)

घोडबंदरी | २ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

माझीही. स्वतःच्या शाळेच्या पन्नासाव्या वर्षी स्मरणिकेला जाहिरात दिली, मूल नाही दिलं. त्या वहीतल्या रकान्यात मी बसतो.

लेकुरवाळी | २ ऑक्टोबर, दुपारी १२.४५

माझा मराठी माध्यमात आहे. शेजारणी मला ‘हो का, छान’ म्हणतात, कुणाला बरं नसल्याचं सांगितल्यावर म्हणतात तसं.
आणि विचारलं का नाही अजून? ३१ जवळ आली.

मधली_सुट्टी | २ नोव्हेंबर, रात्री ९.३०

विचारलं.

निरोप समारंभ दिवाळीच्या सुट्टीआधीच उरकला, ३१ सुट्टीत येत होती म्हणून. शाल, श्रीफळ, तीन भाषणं, त्यातलं एक माझं. भाषणात मी थपडेचा उल्लेख केला नाही. फळा डावीकडून भरायचं सांगितलं. लोक हसले, बाई हसल्या नाहीत, त्यांनी मान डोलावली, गणित बरोबर आल्यावर डोलावतात तशी.

नंतर त्यांचं कपाट रिकामं करायला दोघीच थांबलो होतो. वीस-बावीस वर्षांच्या घटक चाचण्यांचे सायक्लोस्टाइल केलेले पेपर, पिनांना गंज चढलेला. ते गठ्ठे बघून मीच म्हणाले, ‘बाई, नववीत तुम्ही आम्हा दोघींना मारलं होतं. कोबाबा.’

मला वाटलं होतं त्यांना आठवणार नाही. बहुतेकांना हेच वाटलं असेल. त्या लगेच म्हणाल्या, ‘आठवतंय की. इतक्या वर्षांत कोबाबा लिहिणाऱ्या तुम्ही दोघीच. एकेकटीनं लिहिलं असतं तर चूक म्हणून सोडलं असतं.’

मी म्हटलं, ‘मी कॉपी केली नव्हती.’

‘मग तिनं तुझी केली असेल. तुझा पेपर तिला दिसेल असा वाकडा ठेवला होतास तू. मी मागून बघत होते.’

आणि मंडळी, ठेवला होता. खरंच ठेवला होता. त्या क्षणापर्यंत मला तो पेपर आठवलाच नव्हता. डाव्या कोपरानं जरा पुढे सरकवलेला, कंपासपेटीवर टेकवलेला. बावीस वर्षं मी ‘मी कॉपी केली नव्हती’ हे वाक्य जपून ठेवलं आणि ते खरंही आहे.

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, ‘मारायला नको होतं, हे मी आज म्हणते. तेव्हा तसं वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू?’

मग मी बाबांचं सांगितलं. अर्धा दिवस, आणि पुढचा अबोला. हे त्यांना माहीत नव्हतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. हातातला गठ्ठा बांधत राहिल्या, सुतळीची गाठ दोनदा सोडून परत मारली. मग कपाटाची किल्ली दिली आणि म्हणाल्या, ‘वरच्या कप्प्यातलं दाराला लागतं, सांभाळून उघड, ढापणे.’

लेकुरवाळी, मला कळत नाहीये मी जिंकले की हरले, तेव्हा ते विचारू नका.

लेकुरवाळी | २ नोव्हेंबर, रात्री ९.४८

नाही विचारत. पण मारणं चूक ते चूकच, पेपर सरळ असो नाहीतर वाकडा. त्या स्वतःच म्हणाल्या हे मला पुरे आहे. तुम्हाला पुरे आहे का ते तुम्ही बघा.

नाना_चरईकर | २ नोव्हेंबर, रात्री १०.१०

दोनदा वाचलं. माझ्या काही विद्यार्थ्यांचे फोन नंबर आहेत माझ्याकडे. बघतो.

परिपत्रक_प्रेमी | ३ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

पर्यवेक्षकपद आता सेवाज्येष्ठतेनं भरलं जाईल, तुमचा संबंध नाही. पण बाईंचे दहावीचे तास कुणाकडे? तुमच्याकडेच आले असतील तर ते वेळापत्रकात लेखी येऊ द्या.

मधली_सुट्टी | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

आले. दोन्ही तुकड्या. लेखी. :)

एक व्यवहाराचा प्रश्न. वरच्या कप्प्यात बाईंचा फळ्यावरचा लाकडी संच मिळाला. गुण्या दोन, कोनमापक, पट्टी, आणि मोठा कंपास. बाकी सगळं धडधाकट आहे, पण कंपासमध्ये खडू धरणारा पितळी स्क्रू फिरत राहतो, घट्ट होत नाही. वर्तुळ काढताना खडू निसटतो आणि वर्तुळ सुरुवातीच्या बिंदूला येऊन मिळत नाही. नवा प्लास्टिकचा मिळतो, तो नकोय. ठाण्यात असलं काम कोण करतं?

तीन_हात_नाका | ३ नोव्हेंबर, रात्री ८.०२

इस्टेटीत मागच्या गल्ल्यांमध्ये अजून चार-दोन लेथवाले आहेत. पण टर्नरची पोर असून आम्हाला विचारतेस?

मधली_सुट्टी | ४ नोव्हेंबर, रात्री ९.१५

कंपास घेऊन माहेरी गेले होते. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रू बघितला. कुणाचा म्हणून विचारलं. सांगितलं. बराच वेळ फिरवून बघत होते. मग म्हणाले, ‘आटे गेलेत. ठेव इथे, रविवारी बघतो.’